क्रूझ, होस्टेल आणि नेवासा फाटा

दिवाळीच्या सुट्टीनंतर होस्टेलवर परत आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "सुट्टीत काय केलंस?" यंदा माझं उत्तर ऐकून आमच्या विंगमध्ये एकच कल्ला झाला. कारण मी चक्क क्रूझवर जाऊन आले होते! मुंबई ते गोवा आणि परत, समुद्रावर दोन रात्री. मग काय, "स्विमिंग पूल खरंच असतो का गं?", "कॅसिनोत गेलीस?", "जेवण कितीही वेळा फ्री?" असा प्रश्नांचा भडिमार आठवडाभर चालला. पण एकीनंही विचारलं नाही की गोवा कसा होता. त्यात त्यांचं काही चुकलं नाही म्हणा. क्रूझवर माणूस जातो तो जहाजासाठी, गोवा हे मध्ये लागणारं स्टेशन. नेमकं हेच डोक्यात बसलं आणि लिहायला घेतलं.

(आधीच सांगून ठेवते, शाळा कॉन्व्हेंटची. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यात आजही मला दोन सेकंद लागतात. तेव्हा मॅगझिनच्या मराठी विभागाने सांभाळून घ्यावे, ही नम्र विनंती!)

तर निमित्त होतं मामा-मामींच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं. मामाने सगळ्यांची तिकिटं काढली. आई, बाबा, मी आणि आमची आजी. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून जहाज सुटणार होतं. चढल्यावर पहिला कार्यक्रम पार्टीचा नव्हता, तर ड्रिलचा. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला की सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. जगातल्या सगळ्या प्रवासी जहाजांवर हाच इशारा असतो. १९१२ साली टायटॅनिक बुडाली, त्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच परंपरेतली ही शिस्त. आजी लाईफ जॅकेटकडे संशयाने बघत होती. मला मात्र सबमिशनच्या रांगेची आठवण येत होती.

आपल्यासारख्या इंजिनिअरिंगच्या पोरांना अशा जहाजावर बघण्यासारखं खूप असतं, हे मान्यच करायला हवं. एवढ्या माणसांना अंघोळीला आणि प्यायला पाणी येतं कुठून? समुद्रातूनच. इंजिन थंड करून गरम झालेलं जे पाणी असतं, त्याचीच उष्णता वापरून जहाजांवर कमी दाबाखाली समुद्राचं पाणी उकळतात, वाफ थंड करतात की गोडं पाणी तयार. थर्मलच्या लेक्चरला ज्याला झोप येते त्याने हे एकदा आठवावं. कचऱ्याचेही नियम आहेत. प्लास्टिक समुद्रात कुठेच टाकता येत नाही, उरलेलं अन्न बारीक करून किनाऱ्यापासून ठरावीक अंतराच्या पुढेच सोडता येतं. थोडक्यात काय, जहाज म्हणजे स्वतःचं पाणी, स्वतःची वीज, स्वतःचं स्वयंपाकघर असलेलं तरंगतं गाव. त्याला किनाऱ्याची गरज फार कमी. गोम आहे ती इथेच.

शनिवारी सकाळी मुरगाव बंदराला लागलो. उतरताना प्रत्येकाच्या शर्टावर बसच्या नंबरचा स्टिकर. आमची चार नंबरची बस. गाईड हसतमुख होता, पण त्याचा एक डोळा सारखा घड्याळावर. जुन्या गोव्यात बॉम जेझूस बॅसिलिकाला पंचवीस मिनिटं. १६०५ सालचं ते चर्च, बाहेरून गिलावा नसलेला लालसर जांभा दगड, आत सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष. पंचवीस मिनिटांत फोटो काढून होतात, बघून होत नाही. पुढे पणजीत काजू आणि मसाल्याच्या दुकानात मात्र पाऊण तास! फोंतेन्यासची ती रंगीत घरं बसच्या खिडकीतून "डावीकडे बघा, आता उजवीकडे बघा" अशी बघितली. जेवण, पुन्हा बस आणि साडेपाचच्या आत जहाजावर. कोणाची तक्रार नव्हती, सगळं अगदी वेळेवर झालं. पण मी जर प्रामाणिकपणे सांगायचं ठरवलं, तर मला त्या दिवसातली एकच गोष्ट नीट आठवते. चर्चबाहेर मेणबत्त्या विकणाऱ्या एका बाईंशी आजीने गप्पा सुरू केल्या होत्या. त्या कोकणीत, आजी मालवणीत. पोरं काय करतात, मासे कसे मिळतात, पाऊस किती झाला. जेमतेम तीन मिनिटं. तेवढ्यात गाईडने हाक मारली, "बस नंबर चार!"

आता आजीबद्दल सांगायला हवं. तिचं माहेर देवगड. आपल्या नेवाशाजवळचं दत्ताचं देवगड नव्हे हं, कोकणातलं, हापूसवालं. लहानपणी ती मुंबईहून माहेरी जायची ती भाऊच्या धक्क्यावरून, बोटीने. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, ती पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये. आगबोट एकेक बंदर घेत जायची. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. बऱ्याच ठिकाणी बोट धक्क्याला लागायचीच नाही. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या सगळं होडीतून किनाऱ्यावर यायचं. पावसाळ्यात बोट बंद. ज्यांना बोट लागायची त्यांचे हाल वेगळेच. धोकाही होता. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, तेव्हापासून आजीची आई बोट सुटताना देवाचं नाव घ्यायची ती उतरेपर्यंत थांबायची नाही म्हणे.

मी आजीला विचारलं, "मग ती बोट बरी की ही?" आजी म्हणाली, "ही बरी गो, पाय दुखत नाहीत. पण तेव्हा उतरलो की कोणतरी न्यायला आलेलं असायचं."

मला वाटतं फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे. त्या बोटीतला माणूस बंदरावर उतरायचा, कारण तिथे त्याचं कोणीतरी होतं. क्रूझवाला उतरतो कारण वेळापत्रकात लिहिलंय. किनाऱ्यावर त्याचं कोणी नसतं, आणि पाच-सहा तासांत कोणी होणारही नसतं.

संध्याकाळी जहाजाने नांगर उचलला तेव्हा सूर्य बुडत होता. दृश्य खरंच अप्रतिम होतं, पण वरच्या डेकवर कठड्यापाशी आम्ही मोजून दहा-बारा जण असू. बाकी गर्दी पूलपाशी डीजेसमोर. नंतर जेवण, जादूचे प्रयोग, हिंदी गाण्यांचा कार्यक्रम. खुर्च्यांची तोंडं सगळी स्टेजकडे, समुद्राकडे सगळ्यांची पाठ. आमच्या टेबलावर वाढणारा दादा रत्नागिरीकडचा निघाला. आजीने पाच मिनिटांत त्याच्या गावाची सगळी चौकशी केली, हे सांगायला नकोच. तो म्हणाला, "आज्ये, रात्री एक-दीडला आमचा गाव उजव्या अंगाला जाईल. दीपगृहाचा उजेड कधी दिसतो, कधी नाय." एवढ्या फेऱ्या झाल्या, गोवा बघितला का, असं मी विचारलं. तर म्हणाला, धक्क्यापलीकडे फारसा नाही. प्रवासी उतरले की त्यांचं खरं काम सुरू होतं, साफसफाई, पुढच्या जेवणाची तयारी. म्हणजे आम्ही गोवा बघून न बघितलेले, आणि तो गोव्यापर्यंत येऊन न उतरलेला.

याचा अर्थ क्रूझ वाईट, असं मी म्हणत नाही. आजीचे गुडघे बघता तिला याहून सुखाचा प्रवास शक्यच नव्हता. बसवाले, गाईड, दुकानदार यांचीही रोजीरोटी आहे. पण किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या बाजूनेही बघायला हवं. जगातलं सगळ्यात मोठं म्हणून गाजलेलं 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज २०२४ मध्ये सुरू झालं, त्यात जास्तीत जास्त सात हजार सहाशे प्रवासी मावतात. एवढी माणसं एखाद्या छोट्या गावात एकदम उतरली तर? इटलीतल्या व्हेनिसने शेवटी हात टेकले. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना तिथल्या सेंट मार्क चौकासमोरच्या पाण्यात यायला बंदी झाली. आणि २५ एप्रिल २०२४ पासून त्यांनी गर्दीच्या दिवशी प्रवेश-शुल्क घ्यायला सुरुवात केली, सुरुवातीला पाच युरो. गंमत बघा, हे शुल्क कोणाला? सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्याला! जो रात्री गावात मुक्काम करतो त्याला ते माफ. म्हणजे गावाला पाहुणे नकोत असं नाही, पण राहणारा पाहुणा आणि उडता पाहुणा यातला फरक त्यांना नीट कळलाय.

आता तुम्ही म्हणाल, "ही बाई व्हेनिसला पोचली, आपला काय संबंध?" संबंध आहे. आणि तो फार जवळचा आहे.

जरा आपल्या होस्टेलकडे बघा. जेवण मेसचं, पैसे आधीच भरलेले. पाणी आपलं, जनरेटर आपला, वायफाय आपलं, गॅदरिंगला डीजे आपला. रात्री ठरलेल्या वेळी सही, म्हणजे आपली 'ड्रिल'. संध्याकाळी गेट बंद व्हायच्या आत परत या, नाहीतर घरी फोन. चार वर्षांचं ऑल-इन्क्लुझिव्ह पॅकेज! आणि आपलं बंदर? नेवासा फाटा. शुक्रवारी सॅक अडकवून फाट्यावर उतरायचं, नगर किंवा संभाजीनगरची एसटी पकडायची, रविवारी रात्री पुन्हा फाट्यावर उतरायचं. वडापाव, मोबाईल रिचार्ज, झेरॉक्स, सगळं फाट्यावर. मी आमच्या वर्गात सहज विचारून बघितलं, नेवाशाला काय आहे? उत्तर आलं, "फाटा आहे ना!"

नेवासा फाटा म्हणजे नेवासा नव्हे हो! फाटा हा धक्का आहे. गाव पुढे आहे, प्रवरेच्या काठी.

त्या गावात एक दगडी खांब आहे. इसवी सन १२९० मध्ये, म्हणजे शके १२१२ ला, त्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, असं मानतात. सांगणारा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता. आपण त्या वयात सीईटीच्या क्लासला जात होतो. त्या खांबाला म्हणतात पैस. 'ऐसपैस' मधला पैस, म्हणजे मोकळी, रुंद जागा. दुर्गा भागवतांनी आपल्या पुस्तकाला हेच नाव दिलं आणि १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या 'पैस'लाच मिळाला. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीला हा शब्द डिक्शनरीत सापडला असता, पण खांबासमोर उभं राहून कळला तसा कळला नसता. सकाळी लवकर गेलं तर तिथे खरंच शांत असतं.

अजून ऐका. १९५४ ते ५६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलियांनी इथल्या लाडमोड टेकडीवर उत्खनन केलं. इथे सापडलेल्या दगडी हत्यारांमुळे मध्य पुराश्मयुगातल्या एका हत्यारपद्धतीलाच 'नेवासियन' असं नाव पडलं. म्हणजे पुरातत्त्वाच्या पुस्तकात नेवासा आहे आणि आपल्या गुगल मॅपवर फक्त फाटा! इथेच ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या गळ्यातली तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. त्या मण्यांमध्ये ओवलेला दोरा तपासला तर त्यात रेशीम आणि कापूस असल्याचं आढळलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्या लेकराच्या गळ्यात ती घातली होती. आणि सगळ्यात कहर म्हणजे रोमन पद्धतीच्या मद्यकुंभांचे तुकडेही याच मातीत निघाले. भूमध्य समुद्राकडचा माल जहाजाने आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, तिथून घाट चढून थेट प्रवरेच्या काठी! म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी समुद्र नेवाशापर्यंत पोचला होता आणि आपण होस्टेलवरून पोचत नाही.

मोहिनीराजाचं देऊळ आहे, होळकरांचे दिवाण चंद्रचूड यांनी अठराव्या शतकात बांधलेलं. दगडातलं काम बघायला सिव्हिलवाल्यांनी तरी जावं. थोडं पुढे प्रवरासंगम, जिथे प्रवरा गोदावरीला मिळते. टोक्याला सिद्धेश्वराचं देऊळ आहे आणि खाली जायकवाडीचं पसरलेलं पाणी. सांजवेळी तिथला सूर्यास्त आमच्या जहाजावरच्या सूर्यास्तापेक्षा कणभरही कमी नाही. शिवाय तो फुकट आहे, आणि तिथे डीजे नसतो.

आपल्या तालुक्यात उडते पाहुणे कमी नाहीत. शिर्डी आणि शनिशिंगणापूर एका दिवसात उरकणाऱ्या गाड्या रोज जातात. वाटेत जमलं तर पैस खांबाला वीस मिनिटं. त्यांना मी नावं ठेवणार नाही. ती माणसं लांबून येतात, त्यांना रात्री घर गाठायचं असतं. आपली गोष्ट वेगळी आहे. काळी-पिवळीने अर्ध्या तासावर आणि चार वर्षं मुक्कामाला असूनही आपण पाहुणेसुद्धा झालो नाही, तर ते आपलं नुकसान आहे. हंगामात बीडकडून ऊसतोड कामगार येतात, रानात कोपी घालून राहतात. चार-सहा महिन्यांत त्यांना बाजारातला दुकानदार ओळखतो, दवाखाना माहीत होतो, कोणत्या विहिरीला पाणी गोड ते कळतं. त्यांना गरजेपोटी शिकावं लागतं, आपल्याला गरज पडत नाही. मेस आहे ना!

यावर लगेच उत्तरं तयार असतात. "वेळ कुठाय?", "सबमिशन आहे", "तिथे जाऊन करायचं काय?" वेब सिरीजचे आठ भाग एका रात्रीत बघणाऱ्याने वेळेचं सांगू नये. मुलींचं कारण मात्र खरं आहे. रविवारी आम्ही गेलो आणि गाडी उशिरा मिळाली तर सहीची वेळ चुकते, म्हणून घरचेही नको म्हणतात. रेक्टर मॅडम, वाचताय ना? महिन्यातून एका रविवारी दोन तास सवलत आणि बरोबर एखादी मॅडम, एवढंच मागणं आहे.

आणि सर लोकांसाठीही एक गोष्ट. एआयसीटीईच्या इंडक्शन प्रोग्रॅममध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना आसपासच्या परिसरात न्यावं, असं स्वच्छ सांगितलेलं आहे. तेव्हा ऑडिटोरियममधलं एखादं भाषण कमी करून मुलांना एक दिवस नेवासा दाखवा. बसच्या नंबरचे स्टिकर न लावता, पायी. फायनल इयरचे प्रोजेक्ट आपण इंटरनेटवरून शोधतो आणि 'स्मार्ट पार्किंग' करतो, तेही अशा ठिकाणी जिथे गाडी कुठेही लावता येते! इथे पाचट जाळायचं थांबवायला यंत्र हवं आहे, प्रवरेवरच्या बंधाऱ्यांत गाळ साचतो, एसटीची वेळ स्टँडवर उभ्या असलेल्या म्हातारीला कळत नाही. हे प्रश्न कोणाला तरी विचारल्याशिवाय सापडत नाहीत, आणि विचारायला गेटबाहेर ओळख लागते.

दोन वर्षांनी आपण सगळे पुण्याला, हिंजवडीला नाहीतर बंगळूरला जाणार. तिथेही कंपनीची बस, कंपनीचं कॅन्टीन, सोसायटीचं गेट. एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर. गावात उतरायची सवय आत्ता लागली नाही तर पुढे ती कोण लावणार?

तेव्हा भाषण पुरे. परीक्षा संपल्यावरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता मी मेन गेटवर उभी असेन. आधी पैस खांब, मग मोहिनीराज, मग बाजारात मिसळ आणि वेळ मिळाला तर संगम. काळी-पिवळीत दहा जणांची जागा असते, बसतात पंधरा. नाव द्यायचं असेल तर मुलींनी माझ्या रूमवर यावं आणि मुलांनी आमच्या सी.आर.ला सांगावं. ज्यांना फाट्यावरचाच वडापाव हवाय, त्यांना तो येताना घेऊन येऊ!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी